'बरोबरी'चे दोन अर्थ : मैत्री, प्रतिष्ठा आणि मराठवाड्याचे लोकजीवन

मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत भाऊबंदकीचा विचार पुष्कळ झालेला आहे. त्या मानाने मित्रामित्रांमधील चढाओढीचा विचार थोडाच झाला. याचे कारण उघड आहे. भाऊबंदकीच्या मागे जमीन असते, वाटणीपत्र असते, बांधावरची भांडणे आणि कोर्टकज्जे असतात. मित्रांमधील चढाओढीचा कोठेही कागद होत नाही. ती बहुधा बोलूनही दाखविली जात नाही. वरकरणी संबंध गोडच राहतात. परंतु एकाने घर बांधले म्हणून दुसरा मजला चढवितो, एकाच्या मुलीच्या लग्नात पाचशे माणूस जेवले म्हणून दुसऱ्याच्या मांडवात हजार पाने उठतात. प्रस्तुत लेखात या चढाओढीचा विचार नांदेड-लातूर परिसर नजरेसमोर ठेवून, मुख्यतः भाषा आणि साहित्यपरंपरा यांच्या आधारे करावयाचा आहे. संपत्तीच्या व प्रतिष्ठेच्या स्पर्धेत मित्र एकमेकांना पारखे होतात, हे सर्वपरिचितच आहे. त्यांच्या पारखे होण्याची नेमकी किंमत कोणती, हा या लेखापुढील प्रश्न आहे.

१. शब्दविचार

'बरोबर' हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत 'बर' म्हणजे छाती. 'बर-आ-बर' म्हणजे छातीला छाती लावून, एका रेषेत. मराठीने या शब्दाला तीन अर्थ दिले. 'माझ्याबरोबर चल' येथे तो सोबतीचा वाचक आहे. 'उत्तर बरोबर आहे' येथे अचूकपणाचा. आणि 'हे दोघे बरोबरीचे' येथे समानतेचा. मैत्रीची व्याख्या करावयाची झाल्यास यांतील पहिला आणि तिसरा अर्थ एकत्र केले म्हणजे पुरे. जो बरोबर असतो आणि बरोबरीचा असतो, तो मित्र.

परंतु याच शब्दाला 'करणे' हे क्रियापद जोडले की अर्थ पालटतो. 'त्याची बरोबरी करू नकोस' असे वडीलधारे मुलाला बजावतात, तेव्हा 'बरोबरी' म्हणजे समानता राहत नाही. ती स्पर्धा होते. बरोबरी असणे ही एक स्थिती आहे, तर बरोबरी करणे ही खटपट आहे. ज्याला बरोबरी करावी लागते तो मुळात स्वतःला कमी समजत असतो, आणि ती साधली की तो तेथे थांबत नाही, पुढे जाऊ पाहतो. सोबतीपासून स्पर्धेपर्यंतचा सारा प्रवास असा एकाच शब्दाच्या पोटात सामावलेला आहे.

म्हणींकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे', 'ऋण काढून सण', 'बडा घर पोकळ वासा', 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशा म्हणींची संख्या मोठी आहे. या सर्व म्हणी दिखाऊपणाचा उपहास करतात. मात्र तो दिखाऊपणा कोणाला उद्देशून आहे, हे त्यांपैकी एकही म्हण सांगत नाही. अंथरुणापेक्षा पाय लांब करणारा दिसतो. ज्याच्याकडे पाहून तो पाय लांब करतो, तो शेजारचा माणूस दिसत नाही. 'लोक काय म्हणतील?' या नित्याच्या प्रश्नातील 'लोक' हा शब्दही असाच फसवा आहे. व्यवहारात हे लोक म्हणजे सारे गाव नसते. ते पाच-सात माणसांचे मंडळ असते : शाळेतले सोबती, शिवेला शीव असणारे शेतकरी, एकाच कचेरीतील सहकारी.

समाजशास्त्र व मानसशास्त्र यांनीही हेच नोंदविले आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी विचारवंताने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, मनुष्य पुष्कळसा खर्च उपभोगासाठी न करता इतरांच्या नजरेत भरण्यासाठी करतो, असे प्रतिपादन केले. पुढे १९५४ साली लिऑन फेस्टिंगर याने दाखविले की, माणूस स्वतःचे मोजमाप करताना आपल्यासारख्याच माणसांशी तुलना करतो. साखर कारखान्याच्या अध्यक्षाची मोटार पाहून सामान्य शेतकऱ्याची झोप उडत नाही. ती उडते बालमित्राच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला म्हणजे. तात्पर्य, स्पर्धेला आधी बरोबरी लागते, आणि बरोबरी तर मैत्रीतच असते.

२. परंपरेतील दोन मित्र-कथा

धनाच्या विषमतेमुळे मैत्रीचे काय होते, याची दोन प्रतिरूपे आपल्या परंपरेत आहेत. पहिले द्रोण आणि द्रुपद यांचे. महाभारताच्या आदिपर्वातील ही कथा एकनाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर याच्या ओवीबद्ध आदिपर्वामुळे, आणि पुढे मोरोपंतांच्या 'आर्याभारता'मुळे मराठी श्रोत्यांच्या परिचयाची झाली. दोघे एका आश्रमात शिकले. पुढे एक पांचालांचा राजा झाला आणि दुसरा दरिद्री ब्राह्मण राहिला. द्रोणाच्या मुलाने, अश्वत्थाम्याने, श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून दुधाचा हट्ट धरला. पाण्यात कालवलेले पीठ त्याला दूध म्हणून मिळाले, आणि तो आनंदाने नाचू लागला तेव्हा इतर हसले. त्या हसण्याने व्याकूळ होऊन द्रोण जुन्या मित्राकडे गेला. राजाची मैत्री राजाशीच होऊ शकते, अशा आशयाचे उत्तर देऊन द्रुपदाने त्याला परत धाडले.

यानंतरचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. द्रोणाने शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणविले, अर्धे राज्य स्वतःकडे ठेवले, अर्धे परत दिले आणि आता आपण बरोबरीचे झालो, म्हणून मित्र झालो, असे त्याला ऐकविले. बरोबरी 'करून' मैत्री परत मिळविण्याचा हा प्रयत्न होता. तो फसला. द्रुपदाने द्रोणवधासाठी यज्ञ करून पुत्र मिळविला. भारतीय युद्धात द्रुपद द्रोणाच्या हातून पडला, द्रोण द्रुपदपुत्र धृष्टद्युम्नाच्या हातून, आणि धृष्टद्युम्न अश्वत्थाम्याच्या हातून. ज्या मुलाच्या दुधासाठी द्रोण मित्राच्या दारी गेला होता, तोच मुलगा या वैराचा शेवटचा हप्ता फेडतो.

दुसरे प्रतिरूप कृष्ण-सुदाम्याचे. भागवताच्या दशम स्कंधातील कृष्णाच्या ब्राह्मण मित्राची ही कथा मराठीत इतकी रुळली की, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विनोदी लेखसंग्रहाला 'सुदाम्याचे पोहे' असेच नाव दिले. कथेतील दोन तपशील सहसा दुर्लक्षिले जातात. एक, ते पोहे घरचे नव्हते. सुदाम्याच्या पत्नीने ते शेजारून मागून आणले होते. दुसरा, द्वारकेचे वैभव पाहून सुदाम्याला ते पोहे पुढे करण्याची लाज वाटली आणि त्याने ते लपविले. मित्राच्या वैभवापुढे आपले दैन्य लपविण्याची ही वृत्ती सुदाम्यातही आहे. फरक कृष्णाच्या वागण्यात आहे. त्याने लपविलेले पोहे ओढून घेतले आणि खाल्ले. द्रुपदापाशी मित्राच्या दारिद्र्याला जागा नव्हती. कृष्णाने त्या दारिद्र्याची पुरचुंडी स्वतः सोडली. या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे असे दिसते की, विषमता आल्याने मैत्री मोडतेच असे नाही. दैन्य लपवावे लागते तेथे ती मोडते.

३. तेरची थापटी

लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. तेथील संतमेळ्याची कथा वारकरी परंपरेत प्रसिद्ध आहे. मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबांनी मडकी पारखण्याची थापटी उचलली आणि जमलेल्या प्रत्येकाच्या मस्तकावर ती मारून पाहिली. इतर संत शांत राहिले; नामदेवांना मात्र तो अपमान वाटला, आणि गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. पुढे नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले, अशी परंपरा सांगते.

या कथेचा अर्थ सामान्यतः गुरुमाहात्म्याच्या अंगाने लावला जातो. परंतु ती एका मित्रमंडळाचीही कथा आहे. येथे जमलेली माणसे एकमेकांचे सोबती आहेत, त्यांत कुंभार आहे, शिंपी आहे, आणि विठ्ठलाचा लाडका म्हणून नामदेवांची एक प्रतिमा तयार झालेली आहे. थापटीचा घाव बसतो तो त्या प्रतिमेवर. मडके पक्के की कच्चे, हे रंगावरून कळत नाही. वाजवून पाहावे लागते, आणि मित्राने वाजवावे हे या मंडळात मान्य आहे. वारकरी संप्रदायात एकमेकांच्या पाया पडण्याची जी रीत आहे, तिच्यामुळेही उच्चनीचतेचे माप क्षणभर तरी बाजूला पडते. मैत्रीतील समानता आपोआप टिकत नसून तिच्यासाठी काही रिवाज लागतात, हे आपल्या परंपरेने ओळखले होते.

४. बैलजोडीपासून फलकापर्यंत

शेतीच्या व्यवहारातही असे रिवाज होते. सावड हा त्यांतील प्रमुख. ज्याच्याकडे एकच बैल त्याने दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी सावड करावी आणि दोघांची राने जोडीने नांगरावीत, ही पद्धत मराठवाड्यात सर्वत्र होती. 'जोडीदार' या शब्दाचा भौतिक अर्थ येथे स्पष्ट होतो. दुसरा रिवाज हातउसन्याचा. हातउसन्या पैशाला व्याज नसे, कागद नसे, साक्षीदार नसे. हाताने घ्यावे, हाताने द्यावे.

म्हणून त्या काळी चढाओढ नव्हती, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पोळ्याला मानाचा बैल कोणाचा, यावरून गावोगाव भांडणे होत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी जनावरांचे जे प्रदर्शन भरते, त्यात मालकाची ऐट जनावराइतकीच पाहण्यासारखी असते. देखण्या बैलजोडीचा अभिमान बाळगणे हीही प्रतिष्ठेची स्पर्धाच होय. परंतु त्या स्पर्धेची वस्तू कामाची होती आणि उसनी देता येण्याजोगी होती. यात्रेत मिरविलेली जोडी दुसऱ्या महिन्यात मित्राच्या रानात चालू शकत असे. बंगल्याचा दर्शनी भाग, मोटारीचे नवे रूप किंवा मुलाच्या परीक्षेतील क्रमांक मित्राला उसना देता येत नाही. प्रतिष्ठेची साधने बदलली, एवढाच हा बदल नाही. प्रतिष्ठा आणि परस्परसाहाय्य यांचा सांधा निखळला, हे त्याचे खरे स्वरूप आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या प्रक्रियेला एक अनपेक्षित वळण मिळाले. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील पूर्णतः स्थलांतरित झालेल्या गावांत शासनाने जी घरे दिली, ती जमीनधारणेनुसार तीन आकारांची होती : भूमिहीन व १ हेक्टरपर्यंतच्या धारकांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट आणि त्यावरील धारकांना ७५० चौरस फूट. प्रचंड आपत्तीत तातडीने करावयाच्या कामाला काही निकष लागणारच, हे मान्य करावयास हवे. तरीही भाषेच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट खुणावते. जुन्या गावात कोणाची किती पत, हे बोलण्यातून, वागण्यातून, मानपानातून कळत असे, आणि त्यात काही धूसरता होती. नव्या गावात ते चौरस फुटांत मोजता येऊ लागले. मैत्रीला अशा धूसरतेची गरज असते.

शहरांत आणि तालुक्याच्या गावांत आज याचे दर्शनी रूप म्हणजे चौकाचौकांतील शुभेच्छाफलक. वाढदिवस ज्याचा त्याचे छायाचित्र मोठे, खाली 'शुभेच्छुक' म्हणून मित्रांची छायाचित्रे मानाच्या क्रमाने लहान होत गेलेली. त्याखाली अमुक एका व्यक्तीच्या नावाने चालणारे 'मित्रमंडळ'. मंडळ म्हणजे वर्तुळ. वर्तुळावरील प्रत्येक बिंदू केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो. या फलकावरील मित्रमंडळात मात्र वर्तुळाची उतरंड झालेली दिसते, आणि आपले छायाचित्र वरच्या ओळीत यावे म्हणून त्या उतरंडीवर चढाओढ चालते.

५. किंमत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या चढाओढीची किंमत म्हणजे वाढलेला खर्च, असे सहसा समजले जाते. हे अर्धसत्य आहे, आणि ते सांगताना सावधगिरी बाळगली पाहिजे. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, हा आरोप फार जुना आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, शेजारच्या ब्रिटिश मुलखात १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही, कर्जाचे कारण म्हणून लग्नादी खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असाच अभिप्राय नोंदविला होता. कर्जाची मुळे पावसात, पिकाच्या भावात आणि पतपुरवठ्याच्या व्यवस्थेत आहेत. ती दुर्लक्षून शेतकऱ्याच्या फेट्याकडे आणि वाजंत्रीकडे बोट दाखविणे अन्यायाचे आहे.

मग चढाओढीचा वाटा कोणता? कर्ज निर्माण होण्यापेक्षा ते लपविले जाण्यात तिचा वाटा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हातउसने मागावयाचे तर मित्रापुढे आपली अडचण उघड करावी लागते. परंतु ज्याच्याशी बरोबरी करावयाची आहे, त्याच्यापुढेच आपण रिकामे असल्याचे कसे सांगणार? 'अब्रू' हा शब्दही फारसीच. 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. ते मित्रासमोर उतरू नये म्हणून माणूस ओळख नसलेल्याकडे जातो, आणि ओळख नसलेला व्याज घेतो. बिनव्याजी पैशाचा सर्वांत जवळचा दरवाजा असा स्वतःच्याच हाताने बंद होतो. अवैध सावकारीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम आहे. हुंड्याविरुद्ध १९६१ पासून केंद्रीय कायदा आहे. कायदा सावकाराला रोखू शकेल. मित्रापुढे तोंड उघडण्याचे बळ तो देऊ शकत नाही.

२०१७ च्या एप्रिल महिन्यात लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या एकवीस वर्षांच्या मुलीने जीवन संपविले. सततच्या नापिकीमुळे वडिलांपाशी आपल्या लग्नासाठी पैसा नाही, त्यांच्यावरचा भार हलका व्हावा आणि समाजातील देण्याघेण्याची रूढी मोडावी, अशा आशयाची चिठ्ठी तिने मागे ठेवली होती. या घटनेला एकच एक कारण चिकटविणे योग्य होणार नाही. दुष्काळ आणि हुंडा ही तिची दोन प्रकट कारणे आहेत. परंतु लग्न अमुक रीतीने झालेच पाहिजे, हे माप कोठून येते, हा प्रश्न ती घटना आपल्यापुढे ठेवून गेली. ते माप शास्त्राने सांगितलेले नाही. प्रत्येक घर शेजारच्या बरोबरीच्या घराकडे पाहून ते घेते, आणि शेजारचे घर त्याच वेळी याच्याकडे पाहत असते. कोणालाही एकट्याने ते खाली आणता येत नाही. ज्यांना सर्वांनी मिळून ते खाली आणता आले असते, त्या मित्रांमध्ये बोलणेच उरलेले नसते.

साहित्याने हे न बोलणे टिपले आहे काय? लातूर तालुक्यातील काटगावचे रा. रं. बोराडे (१९४०-२०२५) यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीत एका शिंप्याच्या कुटुंबाची पडझड त्याच्या पत्नीच्या तोंडून, मराठवाड्याच्या बोलीत येते. या निवेदनपद्धतीची चर्चा बोलीच्या अंगाने पुष्कळ झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. पुरुष आपला ताठा गावापुढे सांभाळत असतो. त्याच्या मनात काय चालले आहे, हे तो सोबत्यांना सांगत नाही. ते घरातल्या बाईला दिसते. म्हणून ही कथा तिलाच सांगता येते. प्रतिष्ठेची किंमत प्रथम घरात मोजली जाते आणि ती मोजणारे माणूस बहुधा चावडीवर नसते, ही जाणीव या निवेदनात आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मित्रांमधील चढाओढ मैत्रीच्या बाहेरून येत नाही. मैत्रीला आवश्यक असलेल्या समानतेतूनच तिचा जन्म होतो. दुसरी, संपत्तीतील विषमता मैत्रीला मारक ठरते ती मुख्यतः दैन्य लपविण्याची वेळ आल्यावर. तिसरी, या लपविण्याची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. संकटात जो पहिला आधार व्हावयाचा, तोच माणूस पहिला प्रेक्षक होऊन बसतो.

समानता टिकविणारे रिवाज अजिबात संपलेले नाहीत. गावोगावच्या महिला बचत गटांत प्रत्येकीचा हप्ता सारखा असतो, आणि कर्ज मागताना अडचण सर्वांसमोर सांगावी लागते. त्यांतही रुसवेफुगवे, थकबाकी, पुढारीपणा असतोच. परंतु 'मला गरज आहे' हे वाक्य तेथे चारचौघींत उच्चारता येते, आणि ते उच्चारल्याने कोणीची पत जात नाही. सावड आणि हातउसने यांची जागा घेऊ शकेल असे जे काही आज या प्रदेशात आहे, त्याचा शोध याच दिशेने घ्यावा लागेल. ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांनी भाऊबंदकीच्या जोडीला या विषयाकडेही वळावे. बोलीतील शब्द, आहेराच्या वह्या, लग्नपत्रिका, शुभेच्छाफलक ही सर्व त्यासाठी उपलब्ध असलेली साधने आहेत. त्यांतून 'बरोबरी' या शब्दाचा कोणता अर्थ आपल्या समाजात आज अधिक चालतो, हे तपासून पाहता येईल.